कुंपण कुणासाठी?

'परिमिती' हा शब्द ऐकला की तुमच्यापैकी किती जणांच्या कपाळाला आठ्या पडतात? खरं सांगा हं! आमच्या चौथीच्या वर्गात तर जवळजवळ सगळ्यांच्याच पडतात. एकदा एका मुलीनं मला सरळ विचारलं, "बाई, चार बाजूंची बेरीज करून आपल्याला मिळतं काय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. शेताला कुंपण घालताना तार किती लागेल, ते कळतं. तिनं मान डोलावली, पण 'तार' हा शब्द उच्चारताना माझी जीभ जराशी अडखळली. का अडखळली, ते सांगायचं तर तुम्हाला माझ्या मामाच्या गावाला न्यावं लागेल. आणि माझी एक चूकही कबूल करावी लागेल.

माझ्या मामाचं गाव फलटण तालुक्यात. नीरेच्या कालव्याचं पाणी, उसाची शेतं आणि मे महिन्यात अंगणात पडणारा आंब्यांचा ढीग. पण आम्हा भाचरांना सगळ्यात ओढ असायची ती मामाच्या घोडीची. तिचं नाव चांदणी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कान असे की टवकारले की दोन्ही टोकं आत वळून एकमेकांना टेकायची. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर बसायचा. वरातीतले ताशे वाजायला लागले की ती पाय उचलून अशी काही नाचायची, की लोक नवरदेवाला सोडून तिच्याकडेच बघायचे!

एरवी चांदणी आगाडी-पिछाडीनं बांधलेली असे. म्हणजे गळ्यातल्या दोऱ्या पुढं आणि मागच्या पायांच्या दोऱ्या मागं, खुंट्यांना. पण १९९८ साली मामानं ठरवलं, घोडीला थोडं मोकळं हिंडू द्यायचं. घरामागच्या पडीक तुकड्याला त्यानं कुंपण केलं. लोखंडी अँगल रोवले आणि त्यांवर काटेरी तारेचे दोन पदर ओढले. चांदणी मोकळी झाली. आम्ही टाळ्या पिटल्या.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. शेजारच्या लग्नघरातून मी लवंगी फटाक्यांची एक न उडालेली माळ उचलून आणली होती. दिवेलागणीची वेळ होती. मोठी माणसं देवळात गेली होती. मी घरामागं गेले, माळ भिंतीपाशी ठेवली आणि काडी लावली.

पुढचं सगळं डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच घडलं. चांदणी उधळली. समोर कुंपण आहे हे तिला दिसलंच नाही. ती सरळ तारेत घुसली, तिचा पुढचा पाय दोन पदरांमध्ये गेला आणि तो सोडवायला ती जिवाच्या आकांतानं ओढायला लागली. जितकी ओढत होती, तितका काटा आत जात होता.

मामा धावत आला. त्यानं तिच्या डोळ्यांवर धोतराचं फडकं टाकलं, मानेवरून हात फिरवत तिला शांत केलं आणि कुणीतरी पक्कड आणून तार तोडली. रात्री तालुक्याहून डॉक्टर आले. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पण ती जखम काही लवकर भरली नाही. दिवाळीच्या सुटीत गेले, तेव्हाही पायावर वाढलेल्या मांसाचा गड्डा होता आणि चांदणी लंगडत होती. ती पुन्हा वरातीत नाचली नाही.

फटाके कुणी लावले, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवस गेले. मी डीएड झाले, शिक्षिका झाले आणि योगायोग बघा, काही वर्षांपूर्वी माझी बदली मामाच्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मामा आता सत्तरी ओलांडलेला. चांदणी केव्हाच गेली होती. घरामागचा तो तुकडाही आता राहिला नव्हता, तिथं मामेभावानं घर वाढवलं होतं.

हा माझा धाकटा मामेभाऊ. चांदणीला लागलं तेव्हा तो पाळण्यात होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्याही डोक्यात घोडीचं वेड शिरलं. दत्तजयंतीला तो सारंगखेड्याच्या यात्रेला गेला. नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीकाठचं हे गाव. तिथं दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि लांबलांबच्या राज्यांतून घोडी येतात. तिथून त्यानं एक काळी घोडी आणली. घोडी गाभण होती.

"अक्का, शाळेच्या रस्त्याला लागून आपलं एकराचं रान आहे ना, तिथं सोडणार हिला," तो मला म्हणाला. "दुकानदाराला विसार दिलाय. चार पदर काटेरी तार, दोन दिवसांत काम खलास!"

मामा ओसरीवर बसला होता. घरातले व्यवहार आता मुलगा बघतो, म्हणून तो गप्प होता. पण त्याच्या हातातला अडकित्ता थांबलेला मला दिसला.

मी म्हटलं, "काटेरी तार नको."

"का? अख्ख्या गावाला तीच आहे. स्वस्त पडते."

आता कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. मी मामाच्या पायाशी बसले आणि इतक्या वर्षांनी सांगून टाकलं, की त्या संध्याकाळी फटाक्यांची माळ मी लावली होती.

मामा माझ्याकडं बघून हसला. "पोरी, मला तवाच ठावं होतं. तुझ्या फ्रॉकला दारूचा वास येत हुता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? माळ तू लावलीस, पर तार मी लावली हुती. फटाका आज न उद्या कुनीतरी वाजवनारच. कधी इज कडाडंल, कधी कुत्रं अंगावर जाईल. जनावर बुजनार म्हंजे बुजनारच. बुजल्यावर त्याला काय हुईल, ह्याचा इचार कुंपन घालनाऱ्यानं करायचा असतो. मी न्हाई केला."

मुलांनो, मामा दुसरीपर्यंतच शिकलेला आहे. पण कुंपण कसं निवडावं, याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मामेभाऊ विसार परत आणायला गेला, पण जाताना म्हणाला, "बरं अक्का, तार नको. मग काय लावू, तेही तूच सांग!" झालं! आता मला अभ्यास करणं भाग होतं. मी सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांना गाठलं. त्यांनी जे सांगितलं, ते तुम्हीही ऐका.

घोड्याचा स्वभाव पळणाऱ्याचा. गाय-म्हैस घाबरली तर शिंगं रोखते, कुत्रं भुंकतं. घोडा आधी पळतो आणि मग काय होतं ते बघतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. लाल रंग त्याला आपल्यासारखा ओळखता येत नाही. उजेडातून अंधारात गेलं की त्याची नजर स्थिरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता सांगा, दिवेलागणीला भरधाव सुटलेल्या घोड्याला बारीक तार दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, दोरखंडासारख्या शिरा आणि वर पातळ कातडी. म्हणून तिथली जखम खोल जाते आणि भरायला महिनोन्महिने लागतात. त्यात धनुर्वाताची भीती घोड्याला फार मोठी. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात.

"मग काटेरी तार निघाली तरी कशाला?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती गुरांसाठी निघाली. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात जोसेफ ग्लिडन नावाचा शेतकरी होता, त्यानं १८७४ साली तिचं पेटंट घेतलं. मोठमोठ्या कुरणांतली गुरं शेतात शिरू नयेत म्हणून ती युक्ती होती. गुरांची कातडी जाड, आणि टोचलं की ती बहुधा मागं सरतात. अडकलेला घोडा झटापट करतो. एकासाठी चांगलं असलेलं कुंपण दुसऱ्यासाठी सापळा ठरतं, ते असं.

मग आम्ही एकेक पर्याय तपासायला लागलो. गावात सल्ला देणारे काय कमी असतात!

एक जण म्हणाला, जाळी लावा. पण साध्या जाळीचा वरचा काठ टोकदार असतो, आणि तिच्या भोकात घोड्याच्या नालेची कड अडकू शकते. दुसरा म्हणाला, रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन लावा. हे मशीन तसं वाईट नाही. त्यातून सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचा झटका येतो. तो जोरात लागतो, पण चांगल्या कंपनीचं यंत्र नीट बसवलं तर जीव घेत नाही. बारीक तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी वापरली तर घोड्याला ती दिसतेही. पण आमचं रान शाळेच्या रस्त्यावर. पोरं काठीनं डिवचल्याशिवाय राहणार आहेत थोडीच! आणि लक्षात ठेवा, घरातली वीज थेट कुंपणाच्या तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यानं माणसं मेली आहेत. असं कुठं दिसलं तर हात न लावता ताबडतोब मोठ्यांना सांगा.

तिसरा सल्ला सगळ्यात गोड होता. "कण्हेर लावा की! फुकटात कुंपण, बारमाही फुलं." ऐकताच डॉक्टर दचकले. कण्हेरीची थोडीशी पानं पोटात गेली तरी घोडा दगावतो, आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी. माणसालाही ती घातकच. म्हणून घोडं असेल तिथं कण्हेर नको.

लोखंडी पाईप मजबूत, पण महाग. फळ्या छान दिसतात, पण त्याहून महाग आणि वाळवीचं भय. शेवटी निलगिरीच्या बल्ल्यांवर सगळ्यांचं एकमत झालं. जाड बल्ल्यांचे खांब, बारीक बल्ल्यांचे आडवे दांडे. काटेरी तारेच्या जवळजवळ तिप्पट खर्च येणार होता. मामेभावाचा चेहरा उतरला. "अक्का, एकराला असं कुंपण मला झेपायचं नाही."

आणि इथं माझी चौथी कामाला आली!

मुख्याध्यापकांची परवानगी काढून एका शनिवारी मी सगळा वर्ग रानात नेला. मीटरची टेप, वही, पेन्सिल. रान निघालं ८० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद. परिमिती किती? बरोबर, २६० मीटर. मग मी विचारलं, "आपल्याला सगळ्या रानाला कुंपण हवंय, की घोडीला हिंडायला जागा हवीय?" मुलांनी विचार केला. आतल्या बाजूला ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद तुकडा आखला. जवळजवळ २४ गुंठे. एका घोडीला नि शिंगराला भरपूर. परिमिती आली २०० मीटर. म्हणजे ६० मीटर वाचले! शिवाय कुंपण रस्त्यापासून आत सरकलं, हा फायदा वेगळाच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काटकोनी कोपरे नकोत. बुजलेलं जनावर कोपऱ्यात कोंडलं जातं. म्हणून आम्ही कोपरे छाटले. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर खूण केली आणि दोन खुणा तिरप्या जोडल्या. तिरपी बाजू मोजली, तर बरोब्बर ५ मीटर! म्हणजे ७ मीटरच्या जागी ५. चार कोपऱ्यांत ८ मीटर वाचले. आता परिमिती १९२ मीटर. घोडी अधिक सुरक्षित आणि खर्च कमी. 'परिमिती शिकून मिळतं काय' असं विचारणारी ती मुलगी गालातल्या गालात हसत होती.

पण खरी कमाल तिनं नंतर केली. खुणेसाठी आम्ही दोन खांब रोवून तीन दांडे बांधून बघितले होते. वरचा साडेचार फुटांवर, खालचा दीड फुटावर. सगळे 'छान, छान' म्हणत होते. ही पोरगी मात्र दांड्याजवळ मातीत आडवी झाली आणि एक गिरकी घेतली. गेली की कुंपणाबाहेर!

"बाई," ती धूळ झटकत म्हणाली, "शिंगरू असं झोपेतच बाहेर जाईल. मग त्याची आई आत नि ते बाहेर!"

आम्ही मोठी माणसं उभं राहून कुंपण बघत होतो. तिनं ते शिंगराच्या उंचीवरून बघितलं. त्याच दिवशी ठरलं, दांडे चार. खालचा जमिनीपासून फूटभरच वर. १९२ गुणिले ४, म्हणजे ७६८ मीटर बल्ल्या. मामेभावानं डोक्याला हात लावला, पण नाही म्हणाला नाही.

बाकीच्या गोष्टी मामानं सांगितल्या. दांडे खांबांच्या आतल्या अंगानं ठोकायचे. घोडी अंग घासते, टेकते, तेव्हा दांडा खांबावर दाबला जावा, खिळ्यातून उपटून निघू नये. खिळ्याचं एकही डोकं वर राहता कामा नये. खांबांचा जमिनीतला भाग डांबर लावून पुरायचा. फाटक बारा फूट रुंद आणि आत उघडणारं, म्हणजे कुणी अर्धवट लावलं तरी घोडीच्या धक्क्यानं ते बाहेर उघडणार नाही. आणि कडीला साखळी हवीच. घोड्याचे ओठ आपल्या बोटांसारखे चालतात, साधी कडी तो सहज काढतो!

शेवटी सगळ्या दांड्यांना पांढरा चुना दिला. दिवेलागणीला मी रस्त्यावर उभी राहून बघितलं. अंधार पडत होता, पण कुंपण लांबूनही दिसत होतं.

ज्येष्ठात शिंगरू जन्मलं. आईसारखंच काळं. आणि मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री लांबच्या वस्तीवर कुणीतरी मोठा आवाजी फटाका लावला. घोडीला पागेत घ्यायला मामेभाऊ निघालाच होता, तेवढ्यात ती उधळली. पाठोपाठ शिंगरू. मी ओसरीवरून टापांचा आवाज ऐकला आणि मला पुन्हा १९९८ साल दिसायला लागलं. मग 'खाड्' असा आवाज झाला. आम्ही बॅटऱ्या घेऊन पळालो.

वरचा एक दांडा मोडला होता. घोडी वळून कुंपणाच्या कडेकडेनं पळत मधोमध जाऊन उभी होती. थरथरत होती. शिंगरू तिच्या पोटाखाली. मामानं बॅटरीच्या उजेडात तिचे चारही पाय हातानं चाचपले. छातीवर थोडं खरचटलं होतं, बस्स.

मामा उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, चहा टाक."

मित्रांनो, मोडलेला दांडा दुसऱ्या दिवशी बदलला. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीची चार मुलं मामेभावाबरोबर कुंपणफेरी मारतात. कुठला दांडा सैल झालाय, कुठं खिळा वर आलाय, वाऱ्यानं कुठं प्लॅस्टिकची पिशवी अडकलीय, ते वहीत लिहितात. ती आडवी झालेली मुलगी आता पाचवीत गेली आहे, पण फेरीला मात्र येतेच.

तुमच्या घरी घोडा नसेल. पण तुमच्या शाळेला, बागेला, गच्चीला, विहिरीला कुंपण असेलच ना? एकदा त्याच्याजवळ जा. ते कुणासाठी आहे, तो किती उंचीचा आहे, आणि घाबरून पळत आला तर त्याचं काय होईल, एवढं बघा. वाटलं तर खाली बसून बघा, आडवं होऊन बघा. काही खटकलं तर घरच्यांना किंवा तुमच्या बाईंना सांगा.

आणि हो, एखादी चूक सांगायची राहून गेली असेल, तर तीही सांगून टाका. माझ्यासारखी इतकी वर्षं थांबू नका!